माळ्यावरची दुधाची बाटली

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची गर्दी ओसरत आली होती. एक आजी, त्यांची लेक आणि लेकीच्या मांडीवर पाच महिन्यांचे बाळ, असे तिघे आत आले. बाळाला आदल्या दिवसापासून पातळ जुलाब होत होते. दिवसाला दहा-बारा वेळा, थोडा ताप, दूध मात्र पीत होते. लेक शिकलेली, बाळ अंगावर पिणारे, वजन छान वाढलेले. लसीही वेळच्या वेळी झालेल्या. अशा बाळाला जुलाब झाले की मी नेहमी एकच प्रश्न आधी विचारतो : ‘‘गेल्या चार दिवसांत आईच्या दुधाखेरीज काय दिले आणि कशातून दिले?’’

उत्तर मिळायला वेळ लागला. तीन दिवसांपूर्वी लेकीची नाशिकला परीक्षा होती. पहाटेच्या एसटीने गेली, रात्री परत आली. जाण्यापूर्वी तिने पंपाने दूध काढून फ्रीजमध्ये ठेवले आणि आजींनी ते दिवसभरात तीनदा बाटलीने पाजले. एकच दिवस. बाटली आणि पंप थोरल्या मुलाच्या वेळचे, म्हणजे चार वर्षांपूर्वीचे. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, स्टीलच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलेले होते. आजींनी ते खाली काढले, त्यावर कडकडीत पाणी ओतले आणि वापरले.

‘‘काय व्हस त्याले डाक्टर? गरम पानी टाकेल शे ना,’’ आजी म्हणाल्या.

मी त्यांना म्हटले, ‘‘आजी, बाटली आणि पंप संध्याकाळी घेऊन या. मला बघायचे आहेत.’’ संध्याकाळी त्या घेऊनही आल्या. बाटली वरून लखलखीत होती. पण निपल ज्या कड्यात बसते ते कडे सोडवले, तर आत काळपट रेघ. निपल बोटांनी दाबले तर चिकट लागले. पंपाची रबरी झडप दुमडलेली, तिच्या घडीत पिवळट, वाळलेले दूध. नाकाजवळ धरले तर आंबूस वास. लेकीने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

आता हे जुलाब त्या बाटलीमुळेच झाले, असे मी कोर्टात शपथेवर सांगू शकणार नाही. पावसाळ्यात पाणी बिघडते, हातांना माती असते, घरात थोरले भावंड असते. पण दुसरे काही कारण सापडले नाही आणि ती काळी रेघ मात्र डोळ्यांसमोर होती. बाळ बरे झाले. सलाईन लागले नाही. आईचे दूध चालू ठेवले, ओआरएस चमच्या-चमच्याने दिले आणि झिंक चौदा दिवस दिले. वाचकांच्या माहितीसाठी सांगतो, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला झिंक रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्यायचे असते. मात्र डॉक्टरांना दाखवून.

हा लेख त्या घरासाठी आहे, जिथे बाळ अंगावरच पिते आणि बाटली फक्त ‘लागलीच तर’ म्हणून ठेवलेली असते. रोज बाटली वापरणाऱ्या घरात निदान रोज धुण्याची सवय असते. जिथे ती महिन्यातून एकदा किंवा दोन बाळंतपणांच्या मधे चार वर्षांनी निघते, तिथे गोंधळ होतो. वापरलीच नाही तर घाण कशी होणार, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे उलटे आहे. बंद पडून राहिलेल्या वस्तूत जंतूंना जो निवांतपणा मिळतो, तो रोज घासल्या जाणाऱ्या वस्तूत मिळत नाही.

दूध हे नुसते पांढरे पाणी नाही. त्यात स्निग्धांश आहे, प्रथिने आहेत, साखर आहे. बाळ ज्यावर वाढते त्यावर जंतूही वाढतात. बाटली नुसती विसळली तर स्निग्धांशाचा एक पातळ थर काचेला किंवा प्लास्टिकला चिकटून राहतो. तो दिसत नाही, बोट फिरवले तर बुळबुळीत लागतो. या थरात जंतू आपले घर करतात आणि वरून पाणी ओतले तरी आतले जंतू सुखरूप राहतात. उलट आजींनी केले तसे, दुधाच्या भांड्यावर एकदम उकळते पाणी ओतले तर दुधातली प्रथिने गोठून आणखी घट्ट चिकटतात. दुधाचे पातेले घासणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. पातेल्यात आपण आधी गार पाणी घालून ठेवतो. बाटलीच्या बाबतीत मात्र ते विसरतो.

मी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटर्न होतो. जुलाबाच्या वॉर्डात जून ते सप्टेंबर पाय ठेवायला जागा नसे. एका खाटेवर दोन-दोन बाळे, आणि प्रत्येक आईच्या पिशवीत एक बाटली, तिच्या निपलला एखादे फडके गुंडाळलेले, त्यावर माश्या. आमचे बालरोगाचे सर राउंडला आले की आधी बाळाकडे न बघता उशाशी बघत. बाटली दिसली की ती उचलून खिडकीत ठेवत आणि सिस्टरला म्हणत, ‘‘वाटी-चमचा द्या.’’ त्याच सुमारास, १९९२ मध्ये आपल्या संसदेने बाळाच्या दुधाच्या पावडरी आणि दुधाच्या बाटल्या यांच्याबद्दल कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. म्हणूनच आज तुम्हाला टीव्हीवर दुधाच्या बाटलीची जाहिरात दिसत नाही. तशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. बाटली विकायला बंदी नाही, पण तिच्यावर आयएसआयचे चिन्ह असले पाहिजे. घेताना ते जरूर बघा. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मिळणाऱ्या रंगीबेरंगी बाटल्यांवर ते बहुधा नसते.

बाटलीबरोबर आता पंपही घरोघरी आला आहे. नोकरी करणाऱ्या मुली वाढल्या. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या, पोलिसातल्या. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा झाली, त्याचा फायदा अनेकींना मिळतो. पण रजा संपल्यावर बाळाला आपलेच दूध मिळावे म्हणून पंप घेतला जातो, ही चांगली गोष्ट आहे. कपाशीच्या शेतात किंवा केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईला ना रजा, ना पंप. तिच्याकडे मी पुढे येतोच.

पंपातला धोका किती खरा आहे, याचे एक नोंदलेले उदाहरण सांगतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका बाळाला तीन आठवड्यांच्या वयात मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. जंतूचे नाव क्रोनोबॅक्टर. हा जंतू बहुतेक वेळा दुधाच्या पावडरीतून येतो, पण या बाळाला पावडर दिलेलीच नव्हती. शोध घेतल्यावर तोच जंतू आईच्या पंपाच्या भागांवर सापडला. पंपाचे भाग साबणाच्या पाण्यात काही तास भिजत ठेवले जात. न घासता, न उकळता नुसते विसळून आणि वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले जात. आई निष्काळजी नव्हती. साबणाच्या पाण्यात ठेवले म्हणजे स्वच्छ झाले, असे तिला वाटले. तुम्हा-आम्हाला वाटते तसेच. असे आजार क्वचितच होतात, घाबरून जाऊ नये. पण नुसते भिजवणे म्हणजे धुणे नव्हे, हे त्या एका घटनेने जगाला दाखवले आणि त्यानंतरच पंप धुण्याचे सविस्तर नियम तयार झाले.

तर आता धुण्याविषयी. माळ्यावरची किंवा कपाटातली बाटली काढली की आधी तिचे सर्व भाग सुटे करा. टोपण, कडे, निपल, आतली चकती, बाटली. पंपाचे फनेल, त्याला जोडणारा भाग, झडप, पडदा, बाटली. जे सुटे होत नाही ते धुतले जात नाही, एवढे लक्षात ठेवा. पंप नवा असताना त्यासोबतचा कागद आपण फेकून देतो. तो जपून ठेवावा, कारण कोणता भाग उकळायचा आणि कोणता नाही हे त्यावर लिहिलेले असते.

सुटे केल्यावर उजेडात नेऊन बघा. निपल चिकट लागत असेल, फुगले असेल, रंग बदलला असेल, ओढल्यावर भेग दिसत असेल, तर ते टाकून द्या. पंधरा-वीस रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे, शिवाय फाटक्या निपलचा तुकडा घशात अडकू शकतो. बाटलीला आतून ओरखडे असतील किंवा ती धुरकट झाली असेल, तर तीही टाका. फार जुन्या, कडक, चकचकीत प्लास्टिकच्या बाटल्यांपैकी काही पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकच्या असत. भारतीय मानकांनी २०१५ पासून ते प्लास्टिक दुधाच्या बाटल्यांसाठी वगळले आहे. म्हणून थोरल्या आत्याच्या मुलाची बाटली धाकट्या मामाच्या नातवाला वापरू नका.

मग साधे पाणी. वाहत्या साध्या पाण्याखाली प्रत्येक भाग धुवा, म्हणजे सैल दूध निघून जाईल. त्यानंतर एका वेगळ्या स्वच्छ पातेल्यात कोमट पाणी आणि भांडी धुण्याचा साबण घेऊन ब्रशने घासा. पातेले वेगळे म्हणजे खरोखरच वेगळे. मोरीत किंवा सिंकमध्ये बाटली ठेवू नका. तिथे आपण मटण धुतो, भाजीची माती धुतो, खरकटी भांडी ठेवतो. ब्रशही फक्त बाटलीचाच, आणि तोही धुऊन वाळवलेला. कित्येक घरांत बाटली स्वच्छ असते आणि ब्रश मोरीच्या कोपऱ्यात ओला पडलेला असतो, म्हणजे चोराच्या हाती किल्ली. राख, माती, काथ्या, तारेची घासणी यांपैकी काहीही बाटलीला लावू नका. तांब्या-पितळेला राख ठीक होती. प्लास्टिकवर तिने ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत दूध जाऊन बसते. निपल उलटे करून आतून घासा, आणि त्याच्या भोकातून पाणी दाबून बाहेर काढा. काळी रेघ जिथे सापडली ते कडे सर्वांत जास्त वेळ घासायचे.

घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन झाल्यावरच उकळायचे. क्रम उलटा करू नका. घाणीसकट उकळले तर घाण शिजते, जात नाही. पातेल्यात सगळे भाग पूर्ण बुडतील इतके पाणी घ्या, आत हवा राहू देऊ नका. पाणी खळखळ उकळू लागल्यापासून पाच मिनिटे मोजा. आमच्या शिकण्याच्या काळात दहा मिनिटे सांगत, काही घरांत अजून तसेच करतात, हरकत नाही. पण निपल अर्धा-अर्धा तास उकळत ठेवले तर रबर बिघडते. भाग पातेल्याच्या बुडाला चिकटून वितळू नयेत म्हणून मधे एकदा हलवा. कुकरची शिट्टी लावण्याची गरज नाही. वाफेची विजेवरची भांडी बाजारात मिळतात, ती चांगली आहेत. पण महिन्यातून एकदा लागणाऱ्या बाटलीसाठी हजार-दीड हजार रुपये घालवा, असे मी सांगणार नाही. शिवाय वीज गेली की पातेलेच कामाला येते.

आपल्या खानदेशात एक अडचण वेगळी आहे. बोअरचे पाणी जड. बादलीला, गिझरला, स्टीलच्या पिंपाला जसा पांढरा थर बसतो, तसाच उकळलेल्या बाटलीवरही बसतो. तो क्षारांचा असतो, विषारी नाही. पण त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि दूध धरून राहतो. अर्ध्या लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात बाटली अर्धा तास ठेवली आणि पुन्हा धुतली की तो निघतो. शक्य असेल तर उकळायला बोअरऐवजी गाळलेले नळाचे पाणी वापरा. नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत आहे, पण दोन तांबे तेवढ्यापुरते बाजूला काढता येतात.

पुढची पायरी बहुतेकांची चुकते, ती म्हणजे वाळवणे. उकळून काढलेली बाटली आपण खांद्यावरच्या टॉवेलने किंवा ओट्यावरच्या फडक्याने पुसतो. त्या फडक्याने सकाळपासून काय काय पुसले आहे, याचा विचार करा. पुसायचे नाही. हात साबणाने धुऊन, एका धुतलेल्या, न वापरलेल्या सुती कापडावर सर्व भाग सुटेच, तोंड खाली करून ठेवायचे आणि वरून स्वच्छ चाळणी किंवा पातळ मलमल झाकायची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा तासाभरात खणखणीत वाळते. आषाढ-श्रावणात संध्याकाळी ठेवलेली बाटली सकाळीही आतून ओलसर असते. झडपेच्या घडीत आणि निपलच्या टोकात पाणी साचून राहते, ते झटकून काढावे लागते. ‘ऊन दाखवण्याची’ आपली पद्धत चांगली आहे, पण गच्चीवर उघडी बाटली ठेवू नका. धूळ, माश्या, कबुतरे आणि उन्हाळ्यातल्या वावटळी आहेतच. शिवाय कडक उन्हात रबर लवकर खराब होते. खिडकीजवळची हवेशीर, झाकलेली जागा पुरे.

आणि मग ठेवणे. एक थेंबही पाणी राहिले नाही, याची खात्री झाली तरच डब्यात. माझ्या दवाखान्यात आलेल्या त्या बाटलीची खरी चूक इथेच झाली होती. चार वर्षांपूर्वी ती धुतली गेली होती, पण ओलसर असतानाच पिशवीत घालून गाठ मारली गेली. आत ओल, अंधार आणि दुधाचा अंश. बुरशीला आणखी काय हवे? पिशवीपेक्षा झाकणाचा स्टीलचा डबा बरा. त्यात भाग सुटेच ठेवा. कडे आवळून, टोपण घट्ट लावून ठेवू नका. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. डबा मसाल्याच्या फळीवर नको, कारण रबर हिंगाचा, मिरचीचा वास धरते आणि बाळ ते तोंडात घेत नाही. आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर तर अजिबात नको. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका घटकाची कमतरता असते, अशांच्या रक्तपेशी डांबराच्या गोळीच्या वासानेही फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होते. बाळाची दुपटी, झबली, टोपडी यांनाही हेच लागू आहे. आजी मायेने गोळ्या घालून ठेवते, पण ते कपडे धुऊन, उन्हात वाळवल्याशिवाय तान्ह्या बाळाच्या अंगावर घालू नयेत.

इतके नीट ठेवलेले असले तरी बऱ्याच दिवसांनी काढलेली बाटली किंवा पंप थेट वापरायचा नाही. वापरण्यापूर्वी पुन्हा धुवायचे, पुन्हा पाच मिनिटे उकळायचे. जे रोज वापरतात, त्यांनी बाळ दोन महिन्यांचे होईपर्यंत रोज एकदा उकळावे; दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अशक्त बाळासाठी त्यानंतरही. पण क्वचित वापरणाऱ्यांनी बाळाचे वय न बघता प्रत्येक वेळी उकळलेले बरे, असे माझे मत आहे. वेळ लागतोच किती?

पंपाविषयी आणखी थोडे. विजेच्या पंपाला जी बारीक नळी असते, तिच्यातून दूध जात नाही, हवा जाते. म्हणून ती उकळायची नसते. पण तिच्यात पाण्याचे थेंब दिसले तर नळी पंपाला तशीच ठेवून, बाकीचे भाग काढून, पंप काही मिनिटे नुसता चालवावा, म्हणजे ती आतून सुकते. नळीत काळे ठिपके दिसले तर धुण्याचा प्रयत्नच नको, नवी घ्या. मोटारीचा भाग ओल्या फडक्याने बाहेरून पुसायचा. जुन्या प्रकारचा, रबरी फुगा असलेला काचेचा पंप कुणाकडे अजून असेल तर तो वापरूच नका. दूध फुग्यात जाते आणि फुगा आतून कधीच धुतला जात नाही.

आपल्याकडे पंप उसना देण्याची पद्धत आहे. नणंदेचे झाले की भावजयीला, तिचे झाले की शेजारणीला. पाळणा, झोळी, दुपटी अशी फिरतात, त्यात माया आहे. पंप मात्र फिरवू नये. घरगुती विजेच्या पंपात दुधाची वाफ किंवा थेंब मोटारीपर्यंत जाऊ शकतात आणि ती जागा उघडून धुता येत नाही. सगळे सुटे भाग नवे घेतले तरी मोटार जुनीच राहते. मोठ्या रुग्णालयांत अनेक मातांसाठी वापरायचे पंप असतात, त्यांची रचनाच वेगळी असते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली, आशिया खंडातली पहिली. एका आईचे दूध दुसऱ्या बाळाला द्यायचे, तर दुग्धपेढीत आईची तपासणी होते, दूध ६२.५ अंश तापमानात अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात आणि मगच ते अशक्त बाळांना देतात. इतकी काळजी जिथे घेतली जाते, तिथे शेजारणीचा पंप ‘गरम पाण्याने धुऊन’ वापरणे किती योग्य, ते तुम्हीच ठरवा.

काढलेल्या दुधाची मुदतही सांगून ठेवतो. २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, असे पुस्तकात असते. पण आपल्याकडे चैत्र-वैशाखात घरातल्या सावलीतसुद्धा २५ अंश कुठे मिळतात? म्हणून उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले दूध मी तासा-दोन तासांपलीकडे वापरू देत नाही. फ्रीजमध्येही दाराच्या कप्प्यात नाही, तर आत मागच्या बाजूला ठेवावे. वीज जाते-येते अशा गावात एका दिवसात संपवावे. गॅसवर उकळू नये. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावे. बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. आईला ते टाकताना फार वाईट वाटते, मला कल्पना आहे.

आता एक तक्रार, आणि ती वाचकांविषयी आहे. उन्हाळा सुरू झाला की माळ्यावरच्या बाटल्या खाली येतात आणि त्यांतून तान्ह्या बाळांना पाणी पाजले जाते. ‘‘डॉक्टर, एवढं ऊन, घसा कोरडा पडत असेल हो त्याचा.’’ सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला पाण्याची गरज नाही. आईच्या दुधात शंभरातले सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. ऊन वाढले तर बाळ जास्त वेळा पिईल, तेवढे पाजा आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्या. पाण्याने पोट भरते, दूध कमी प्यायले जाते आणि बाटलीतले जंतू मात्र पोटात जातात. माझ्या अनुभवात एप्रिल-मे मधले तान्ह्या बाळांचे निम्म्याहून अधिक जुलाब या ‘दोन घोट पाण्या’ने सुरू होतात. साखरपाणी, ग्राइप वॉटर, घुटी यांचीही तीच गत.

मग आई घरी नसेल तेव्हा काय? आता शेतात जाणाऱ्या त्या बाईकडे येतो. तिने बाटली आणि पंप विकत घेऊ नये, असेच मी सांगतो. दूध हाताने काढता येते. हात साबणाने धुवायचे, स्तनाला कोमट फडक्याचा शेक द्यायचा, अंगठा आणि बोटे काळ्या वर्तुळाच्या थोडी मागे ठेवून छातीकडे दाबायचे आणि मग पुढे आवळायचे. ओढायचे, घसरवायचे नाही. पहिल्या दिवशी चार चमचे निघते, चौथ्या दिवशी वाटी भरते. वाटी, चमचा आणि झाकण हे तीन स्टीलचे जिन्नस एका पातेल्यात उकळले की झाले. त्यांना घडी नाही, भोक नाही, कडे नाही, झडप नाही; जंतूला लपायला जागाच नाही. तान्हे बाळ वाटीने छान पिते. त्याला जवळजवळ बसते धरायचे, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याचे त्याला पिऊ द्यायचे. तोंडात ओतायचे नाही. एखाद्या दिवसाच्या गरजेसाठी तर पगारदार आईनेही हेच करावे. नाशिकच्या परीक्षेच्या दिवशी एवढेच केले असते, तर माळ्यावर चढावेच लागले नसते.

बाळाच्या तोंडात जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि ते पुसून निघत नसतील, तर ती बुरशी असू शकते. औषधाने बरी होते. पण औषध चालू असताना निपल, पंपाचे भाग, चोखणी, दातांचे खेळणे हे सर्व रोज उकळले नाही, तर ती पुन्हा पुन्हा येते. आईच्या स्तनाग्रांना आग होत असेल तर दोघांनाही एकदमच औषध लागते, म्हणून ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

आणि जुलाबाचे बाळ घरी ठेवून वाट बघू नये, अशी काही चिन्हे आहेत. बाळ ओढून पीत नाही, सारखे झोपेत आहे, टाळू खोल गेली आहे, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे, उलट्या थांबत नाहीत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर इतर काही नसले तरी त्याच दिवशी दाखवावे. रात्र असेल तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

त्या आजी दीड महिन्याने बाळाला सहाव्या महिन्यानंतरचा वरचा आहार विचारायला पुन्हा आल्या. येताना पदराखालून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. जुने बोंडले. लहानसे, चोचीचे, पितळी. त्यांच्या सासूने त्यांच्या नवऱ्याला ज्याने दूध पाजले होते ते. बाटलीवर माझा राग आहे म्हटल्यावर त्यांनी हे शोधून काढले होते. ‘‘हे तर चालेल ना आता?’’

बोंडले ही आपल्या पूर्वजांनी शोधलेली चांगली वस्तू, बाटलीपेक्षा धुवायला सोपी. पण पितळेचे, आणि कल्हई केव्हाच उडालेली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा अभ्यास केला. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यांत तापवलेले, ठेवलेले दूध तान्हेपणापासून पाजलेल्या मुलांच्या यकृतात तांबे साठत जाते, असे त्यातून पुढे आले. घरोघरी स्टील आले आणि तो आजार आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. मी आजींना म्हटले, ‘‘हे देवघरात ठेवा. असेच स्टीलचे नाहीतर चांदीचे मिळते, ते आणा. चोच अरुंद असते, तिच्यात बारीक ब्रश फिरवा आणि वाटीबरोबर पाच मिनिटे उकळा.’’

आजींनी बोंडले पुन्हा पदरात गुंडाळले आणि विचारले, ‘‘आणि ती बाटली?’’ ती तोपर्यंत त्यांनी फेकली नव्हती. पिशवीत घालून पुन्हा माळ्यावर ठेवली होती.